घरमालकांचा घोटा

आमच्या घरमालकांचा घोटा मोडला तेव्हा गंगापूर रोडवरच्या आमच्या कॉलनीत हळहळ व्यक्त झाली, नाही असं नाही. पण ती जरा मागाहून. आधी सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. उद्यापासून सकाळी फिरताना कुणी मागून येऊन 'बाजूला व्हा' म्हणणार नाही, आणि पुढे गेल्यावर वळून आपल्या पोटाकडे बघणार नाही, या कल्पनेनेच कॉलनीतली बरीच सभ्य माणसं सुखावली. मला ते सुख मिळालं नाही. मी त्यांच्या डोक्यावर, म्हणजे वरच्या मजल्यावर, भाड्याने राहत होतो आणि खालून त्यांचं ओरडणं ऐकू येत होतं. ते दुखण्याचं ओरडणं नव्हतं. डॉक्टरांनी 'आराम' हा शब्द वापरला होता, त्याबद्दल ते फोनवर हैदराबादच्या मुलीला जाब विचारत होते.

आम्ही सगळे त्यांना काका म्हणायचो. काका मोजणी खात्यातले. उभी हयात पेठ-सुरगाण्याच्या डोंगरात साखळी ओढत लोकांच्या जमिनी मोजल्या. निवृत्त झाल्यावर मोजायला जमीन उरली नाही, म्हणून त्यांनी रस्ता धरला. चालणं हा त्यांचा व्यायाम नव्हता, छंद तर नव्हताच. तो त्यांचा इतर मानवजातीविषयीचा अभिप्राय होता.

मी बदलीवर नाशिकला आलो, कुटुंब जळगावलाच ठेवलं आणि खोली बघायला या गृहस्थांच्या दारात उभा राहिलो. खोली दाखवायच्या आधी ते म्हणाले, "चला, चालता चालता बोलू." आणि निघाले सोमेश्वरच्या दिशेने. बोलत तेच होते. गच्चीवर लोणची-पापड घालायचे नाहीत, पाहुणे आणायचे नाहीत, आणायचेच तर राहायला आणायचे नाहीत. प्रत्येक अटीला मी मान डोलावत गेलो, कारण तोंडाने बोलायला श्वास शिल्लक नव्हता. परत आल्यावर मला घाम पुसताना बघून ते काकूंना म्हणाले, "माणूस गरीब आहे. पण कासव आहे." त्या दिवसापासून मी कासवराव. माझं खरं नाव त्यांना ठाऊक होतं की नाही, देव जाणे.

"पाय थांबले की डोकं कुजतं," हे त्यांचं आवडतं वाक्य. ते त्यांनी थांबून कधीच म्हटलं नाही. त्यामुळे 'पाय थांबले की' एवढं आपल्याला शेजारून ऐकू यायचं आणि 'डोकं कुजतं' हे पुढच्या विजेच्या खांबापाशी पोचल्यावर. लग्नाला गेले की अक्षता टाकून आले तसे परत. दवाखान्यात कुणाला भेटायला गेले तर खाटेच्या कडेने दोन चकरा मारत चौकशी करायचे; बिचारा पेशंट मान वळवून वळवून आणखी आजारी पडायचा.

आणि रोज सकाळी मंडई. मंडईत काका आणि काकू दोघं जायची, असं म्हणायची पद्धत होती. प्रत्यक्षात काका जायचे आणि काकू मागून यायच्या. मी गॅलरीतून बघायचो. काकांची पांढरी टोपी कोपऱ्यावर दिसेनाशी व्हायची तेव्हा काकू अजून फाटकाची कडी लावत असायच्या. लावून झाली की पिशवी सावरत निघायच्या, कुठलीही तक्रार चेहऱ्यावर न दाखवता. मंडईत पोचल्यावर काका घड्याळ बघत उभे. "वाटेत बायकांशी गप्पा छाटत बसते," असं ते मला सांगायचे. "हिला सांगून थकलो, जरा पाय उचल म्हणून."

काकू एका दुपारी अचानक गेल्या. हृदयाचं झालं म्हणाले. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला काका एकच सांगायचे, "काही म्हणजे काही त्रास नव्हता हो तिला. रोज माझ्याबरोबर मंडईपर्यंत चालायची." मग काकूंचा मोठा फोटो हॉलच्या भिंतीवर लागला, चंदनाचा हार घातला गेला आणि पंधरवडा संपला तसे काका पुन्हा रस्त्यावर. वेग होता त्याहून वाढला. फरक एवढाच की आता मागून यायला कुणी नव्हतं, म्हणून ती नेमणूक माझ्याकडे आली.

माझी इच्छा कुणी विचारली नाही. सकाळी खालून हाक यायची, "कासवराव, निघालो." निघू का नव्हे, निघालो. मी बुटाची नाडी बांधेपर्यंत टोपी कोपऱ्यावर. त्या वाटेवर करंजाच्या झाडाखाली एका बाईंची इस्त्रीची गाडी होती. पेठकडच्या होत्या, नवरा बांधकामावर जायचा. या गाडीवर काकांचा विशेष राग. ती अर्धा फुटपाथ अडवते, त्यामुळे त्यांना पाव वळसा घ्यावा लागतो आणि वेगाचा विचका होतो. रोज जाता जाता, "फुटपाथ चालायला असतो, कपडे वाळवायला नसतो," एवढं सुनावून ते पुढे. बाई कपडे वाळवत नव्हत्या, इस्त्री करत होत्या. पण ते बघायला थांबावं लागलं असतं.

घोटा मोडला तो याच गाडीपाशी, आणि मोडला कशामुळे, तर मला उपदेश करण्यामुळे. मी नेहमीसारखा मागे. काका चालता चालता गर्रकन वळले आणि म्हणाले, "कासवराव, पाय उच..." तेवढ्यात त्यांचाच पाय फुटपाथच्या उखडलेल्या दोन ब्लॉकच्या मधल्या खाचेत गेला. पाऊल खाचेत राहिलं आणि काका वळतच राहिले. काटकी मोडावी तसा आवाज झाला. इतकी वर्षं इतरांना 'खाली बघून चाला' सांगणारा माणूस, तो एकदाच मागे बघून चालला.

इस्त्रीवाल्या बाईंनी इस्त्री बाजूला ठेवली, गाडीखालून निळं प्लॅस्टिकचं स्टूल ओढलं आणि काकांच्या पुढ्यात आणून ठेवलं. "बसा बाबा. लय सुजायला लागलाय."

"मला स्टूल नको," काका म्हणाले. चेहरा खडूसारखा पांढरा. "मुरगळलाय नुसता. हे बघा, बोटं हलतात. हाड मोडलं असतं तर बोटं हलली असती का? चालता केला की आपोआप बसतो जागेवर." आणि माझा खांदा धरून ते त्या पायावर चालायला लागले. पाऊल बाहेरच्या बाजूला असं काही वळलं होतं, जणू त्याला दुसरीकडे कुठे जायचं होतं. विजेच्या खांबापर्यंत गेले आणि त्याला मिठी मारून उभे राहिले. मी रिक्षा बोलावली. रिक्षात बसतानासुद्धा ते त्या बाईंकडे बोट दाखवून म्हणत होते, "ती गाडी आडवी नसती तर."

अस्थिरोगतज्ज्ञ म्हणून ज्या बाई समोर आल्या, त्या वयाने काकांच्या मुलीहून लहान असाव्यात. एक्स-रे उजेडात लावला आणि म्हणाल्या, "काका, घोटा म्हणजे एक हाड नसतं. वरून दोन हाडं चिमट्यासारखी खाली येतात आणि मध्ये पावलाचं हाड धरून ठेवतात. तुमच्या चिमट्याच्या दोन्ही बाजू मोडल्यात. त्यामुळे मधलं हाड सरकलंय."

"पण बोटं हलतात," काका म्हणाले.

"बोटं हलवणारे स्नायू वर पोटरीत असतात. ते कुठे मोडलेत? आणि पडल्यावर चाललात का?"

काकांनी माझ्याकडे बघितलं. मी छताकडे बघितलं.

"थोडासा," ते म्हणाले.

बाईंनी सगळं नीट समजावलं. सरकलेलं हाड ओढून त्यातल्या त्यात जागेवर आणून अर्धं प्लॅस्टर घालायचं. ऑपरेशन करून पट्टी आणि स्क्रू लावावेच लागतील, कारण घोट्याचा सांधा केसभर जरी तिरका जुळला तरी झिजतो आणि मग प्रत्येक पाऊल दुखतं, जन्मभर. पण आज ऑपरेशन नाही. एवढ्या सुजेवर चिरा दिला तर टाके धरत नाहीत, जखम उघडी पडते. सूज उतरायला हवी. पाय छातीपेक्षा उंच, उशांवर, दिवसरात्र. सूज उतरली की कातडीवर बारीक सुरकुत्या दिसायला लागतात. त्या दिसल्या की ऑपरेशन.

"म्हणजे मी सुरकुत्यांची वाट बघत पडून राहायचं?" काका म्हणाले. पंच्याहत्तरीत आपल्या अंगावर एक सुरकुती नाही, हे ते लोकांना दंड पिळून दाखवायचे. "माझ्या सात पिढ्यांत कुणी पडून राहिलं नाही."

"त्यांचे घोटे मोडले नसतील," बाई म्हणाल्या. मला त्या तेव्हाच आवडल्या.

हॉलमध्ये खाट टाकली, कारण न्हाणीघर तिथून जवळ. पायाखाली उशांची चळत. आणि मग सुरू झाली भेटायला येणाऱ्यांची रीघ. आजवर ज्यांना काकांनी मागे टाकलं होतं, ते सगळे सावकाश चालत आले आणि खुर्ची ओढून निवांत बसले. काय तो उत्साह. एकाने हाडजोडीचा वेल आणला, एकीने डिंकाचे लाडू. निफाडचा एक द्राक्षवाला म्हणाला, आमच्याकडे एक जण नुसत्या हाताने हाड बसवतो, एक्स-रे बघतसुद्धा नाही. न बघता बसवतो हे त्याला कौतुकाचं वाटत होतं. सगळे जाताना एकच सांगायचे, "काका, आता आराम." हा शब्द उच्चारताना प्रत्येकाच्या तोंडावर जी तृप्ती दिसायची, ती मी लग्नाच्या पंगतीतही पाहिलेली नाही.

पण सूज उतरेना. डॉक्टरबाई प्लॅस्टर सैल करून बघायच्या, कातडी चिमटीत धरायला जायच्या, ती धरताच यायची नाही. वांग्यासारखी तुकतुकीत. मग घोट्याच्या आतल्या बाजूला पाण्याचे फोड आले. बाईंच्या कपाळाला आठ्या पडल्या. "पाय उंच असतो ना?" "असतो," काका म्हणायचे. सकाळी ऑफिसला जाताना मी उशा लावून जायचो, संध्याकाळी येऊन बघायचो तर पाय उशांवरच. मग बाईंनी मला बाहेर बोलावून सांगितलं, "हे फार दिवस चालणार नाही. हाडं आहेत तिथेच वेडीवाकडी चिकटायला लागली की मला ती जुळवता येणार नाहीत. चालतील, पण काठीवर आणि कळा सोसत. यांना चालणं फार प्रिय आहे म्हणे?"

मी म्हटलं, "यांना दुसरं काही येत नाही."

हसायला गेलो, पण हसू आलं नाही. त्या माणसाने मला इतकं छळलं होतं, तरी तो कुबडीवर फाटकापाशी उभा आहे आणि कॉलनी त्याच्या पुढून चालत जाते आहे, हे चित्र मला सहन होईना.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात वीज गेली म्हणून मी दुपारीच घरी आलो. काकांच्या दाराला नुसती कडी होती. ढकलून आत गेलो तर उशा खुर्चीवर, एकावर एक, व्यवस्थित रचून ठेवलेल्या. आणि काकांचा तो मोडका पाय खाटेवरून खाली लोंबत होता. टेकू म्हणून स्वयंपाकघरातला पाट.

माझं डोकं फिरलं. भाडेकरू असल्याचं विसरून मी बोलत सुटलो. "काका, लाज वाटते का? ती पोरगी रोज जीव तोडून सांगते. तुमची मुलगी तिकडून फोन करून रडते. मी गाढवासारखा सकाळ-संध्याकाळ उशा लावतो. आणि मी यायच्या वेळी तुम्ही पाय पुन्हा वर ठेवता? काय, लंगडं व्हायचंय का तुम्हाला?"

  काकांनी हनुवटीने समोर दाखवलं. खाटेच्या पायथ्याकडच्या भिंतीवर काकूंचा फोटो होता. पाय उशांवर ठेवला की तळवा थेट त्यांच्या तोंडासमोर यायचा.

"मग काय झालं?" मी म्हटलं. "तुम्ही कधीपासून हे मानायला लागलात? देवाकडे पाय करून झोपणारे तुम्ही."

"देव माझ्या मागून मंडईत नाही आला कधी," काका म्हणाले. "कासवराव, त्या बाईला मी जन्मभर पाठ दाखवली. तिला माझं तोंड किती वेळा दिसलं असेल, सांगा. गेली तेव्हासुद्धा मडकं धरून मी पुढे आणि ती मागे. आणि गुरुजी म्हणतात, मागे बघायचं नाही. मी म्हटलं, त्याची सवयच आहे मला." त्यांनी लोंबत्या पायाकडे बघितलं. "आता पाय दाखवू?"

मी खाली बसलो.  मग म्हटलं, "असं करू. फोटो काढून तुमच्या डोक्याकडच्या भिंतीवर लावू. मग पाय त्यांच्याकडे होणार नाहीत."

"म्हणजे परत मागेच का?" काका म्हणाले.

शेवटी बाजूच्या भिंतीवर खिळा मारायचं ठरलं, खाटेच्या शेजारी, उशीच्या उंचीला. खिळा मी मारला. मोजणी खात्याने खाटेवरून देखरेख केली. डावीकडे घ्या, वर घ्या, ओळंब्यात नाही, तुम्हाला डोळे आहेत का कासवराव. मूठभर गिलावा माझ्या डोक्यावर पडला. फोटो लागला तेव्हा काकांनी मान वळवून बघितलं. चेहरा अगदी हाताच्या अंतरावर. मग त्यांनी स्वतःच्या हाताने गुडघ्याखाली धरून पाय उचलला. मी उशा सारल्या.

सुरकुत्या आल्या. डॉक्टरबाईंनी कातडी चिमटीत धरून मला दाखवली. "माझ्या सुरकुत्या बघून कुणी इतकं खूश झालेलं पहिल्यांदाच बघतोय," काका म्हणाले. ऑपरेशन झालं. मुलगी आली, रडली, रागावली, परत गेली. एक्स-रेमध्ये पट्टी आणि स्क्रू बघून काकांनी मत दिलं, की आमच्या रस्त्याच्या कामात यापेक्षा कमी लोखंड वापरतात.

मग पाय न टेकवण्याचे आठवडे. वॉकर धरून एका पायाने टुणटुणत न्हाणीघरापर्यंत जायचं, एवढाच प्रवास. व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाईंनी सांगितलं, पाऊल हवेत फिरवून बाराखडी काढा, म्हणजे सांधा मोकळा होतो. काकांनी बाराखडीला नकार दिला. ते पायाने सुरगाण्याच्या शेतांच्या हद्दी काढायचे आणि घामाघूम व्हायचे. 'क'ला जेवढा वेळ लागतो त्याच्या तिप्पट बांधाला लागतो, असं त्या बाईंनी मला कौतुकाने सांगितलं. कळ यायची तेव्हा काका ओरडायचे नाहीत, बाजूच्या भिंतीकडे बघून म्हणायचे, "बघतेस काय?"

पाय टेकवायची परवानगी मिळाली, वॉकर गेला, काठी आली. आणि एका सकाळी खालून हाक आली. "कासवराव, निघायचं का?"

मी जिन्यातच थबकलो. 'निघालो' नव्हतं ते.

आम्ही मंडईच्या वाटेला लागलो. काका एक पाऊल टाकायचे, दुसरं शेजारी आणून ठेवायचे, मग पुन्हा. मी सवयीने चालत राहिलो आणि वळून बघतो तर मी पुढे आणि काका मागे. आयुष्यात मी कुणाला चालण्यात मागे टाकेन असं वाटलं नव्हतं. फार वाईट वाटलं. थांबलो. कॉलनीतले दोघे-तिघे आमच्या बाजूने झपाझप निघून गेले, त्यांतला एक तर "काका, आराम" म्हणून गेला.

करंजाच्या झाडापाशी आलो तेव्हा काकांच्या कपाळावर घाम होता. इस्त्रीची गाडी तिथेच, अर्ध्या फुटपाथवर. मी मनात म्हटलं, आता हे काहीतरी बोलणार. बाईंनी गाडीखालून ते निळं स्टूल ओढलं आणि पदराने पुसलं.

"बसा बाबा. काकू पण हितंच बसायच्या."

काका तसेच उभे. "कोण काकू?"

"तुमच्या. रोज बसायच्या की. दम लागायचा त्यांना, छातीला हात लावून बसायच्या. मी म्हनायची, दाखवा कुणाला तरी. तर म्हनायच्या, नाय गं, हे चालतातच एवढं भरभर. मग उठायच्या लगेच, ते वाट बघत असतील म्हनून."

काका बसले. बसले म्हणजे खाली आलेच एकदम, मी दंड धरला म्हणून बरं. मंडईकडे जाणारा रस्ता तिथून सरळ जाऊन पुढे वळतो. काका त्या वळणाकडे बघत होते.

"इथनं मी दिसायचो का हो तिला?" त्यांनी विचारलं.

मी खोटं बोलायच्या तयारीत होतो. पण प्रश्न आपल्यालाच आहे असं बाईंना वाटलं.

"नाय बाबा," त्या म्हणाल्या. "तुमी कवाच गेल्याले असायचे."

रस्त्याने एक रिक्षा गेली, एक दूधवाला गेला. मी काकांसमोर हात धरला, म्हटलं, "चला, घरी जाऊ हळूहळू." त्यांनी हात घेतला नाही.

"किती वेळ बसायची ती?" त्यांनी बाईंना विचारलं.

बाईंनी जरा विचार केला. "एक शर्ट होईस्तवर."

"मग करा एक शर्ट," काका म्हणाले.

बाईंनी गाठोड्यातून एक शर्ट ओढून काढला, पसरला, त्यावर पाणी शिंपडलं आणि रोजच्यापेक्षा जरा सावकाश इस्त्री फिरवायला लागल्या.